वडिलांकडून 5,000 येतात आणि पुण्यातला खर्च 9,150 आहे. शिक्षण न सोडता हे कसे बसवावे?

प्रश्न – डाळिंबमळा (सांगोला तालुका)

नमस्कार. मी सांगोला तालुक्यातल्या एका वाडीवरचा. पुण्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात बी.एस्सी.चे पहिले वर्ष नुकतेच उत्तीर्ण झालो आहे आणि दुसऱ्या वर्षाचा प्रवेश या आठवड्यात घ्यायचा आहे. आमची तीन एकर जमीन आहे. तेल्या रोग पडल्यामुळे वडिलांनी गेल्या वर्षी निम्मी डाळिंबाची बाग काढून टाकली आणि नवी लागवड केली. तिला माल धरायला अजून दोन वर्षे तरी जातील. आम्ही इतर मागास वर्गात मोडतो आणि वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला 96,000 रुपयांचा आहे.

माझा महिन्याचा खर्च असा: कॉट बेसिसवरच्या (फक्त एका खाटेपुरत्या भाड्याच्या) खोलीचे 3,500, मेसचे 3,200, नाश्ता आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हाचे जेवण मिळून 1,000, बसला 750, आणि रिचार्ज, झेरॉक्स, जर्नल यांना साधारण 700. एकूण 9,150. वडील दरमहा 5,000 पाठवतात. राहिलेले पैसे मी लग्नसराईत केटरिंगच्या कामाला जाऊन उभे करतो. एका कार्याचे 500 रुपये मिळतात, पण आषाढापासून कार्तिकापर्यंत कार्येच नसतात. गेल्या भाद्रपदात मी महिनाभर मेस बंद करून एक वेळ वडापावावर काढली आणि त्या सत्राचे गुण माझ्या गुणपत्रिकेवर दिसतात.

गेल्या वर्षी महाडीबीटीवर, म्हणजे राज्य शासनाच्या पोर्टलवर, शिष्यवृत्तीचा अर्ज केला होता. तो मंजूर झाल्याचे दिसते, पण माझ्या खात्यावर आजपर्यंत एक रुपया आलेला नाही. महाविद्यालयात विचारले तर 'वरून येईल' एवढेच उत्तर मिळते.

यंदा धाकटी बहीण सीईटी देऊन अभियांत्रिकीच्या प्रवेशफेरीत आहे. तिचे पर्सेंटाइल माझ्यापेक्षा फार चांगले आहे. दोघांचा खर्च झेपणार नाही असे वडील तोंडाने म्हणत नाहीत, पण परवा त्यांनी आईजवळ गोठ्यातली म्हैस विकण्याची गोष्ट काढली. म्हणून मी एक वर्ष घरी राहावे आणि बहिणीचे मार्गी लागल्यावर पुन्हा यावे, असे मनात येते. दुसऱ्या वर्षाला असताना मला आणखी कोणते अर्थसाहाय्य मिळू शकते, खर्च कुठे कमी करता येईल आणि वर्ष सोडणे शहाणपणाचे ठरेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर 1 – शिष्यवृत्ती टेबल (निवृत्त)

मी एका महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती टेबलावर 22 वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: वर्ष सोडू नका. चालू अभ्यासक्रमाच्या शिष्यवृत्तीचे नूतनीकरण सलग वर्षांवर चालते आणि खंड पडला की पुढच्या अर्जाला खंडाचे प्रतिज्ञापत्र, त्याची कारणे आणि त्यावरच्या शंका चिकटतात. माझ्या टेबलासमोर 'एक वर्षाने येतो, सर' म्हणून दाखला घेऊन गेलेल्या मुलांपैकी परत आलेली मुले मला बोटांवर मोजता येतील.

आता हिशेबाकडे वळू. वर्षाचे दहा महिने पुण्यात धरले तर तुमचा खर्च 91,500 होतो आणि वडिलांचे 50,000 वजा जाता 41,500 कमी पडतात. ही तूट भरून काढणारी रक्कम शासनाच्या योजनांत आहे, परंतु ती तुम्हाला ज्या महिन्यात लागते त्या महिन्यात येत नाही. तुम्ही उपाशी राहिलात ते भाद्रपदात. मंजुरीचे पैसे बहुधा फाल्गुनात नाहीतर त्याच्याही पुढे येतात. म्हणून शिष्यवृत्तीला पगार समजून त्या भरवशावर महिना आखू नये. ती आली की मागचे देणे फेडायचे आणि उरलेली पुढच्या जून ते नोव्हेंबरसाठी वेगळी ठेवायची, अशी बसवणूक पहिल्यापासून करावी लागते. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक मुलांची ओढाताण रकमेपेक्षा या मधल्या महिन्यांची होती.

तुमची गेल्या वर्षीची रक्कम का आली नाही याविषयी माझा एक अंदाज आहे आणि तो आजच तपासून पाहा. बँकेत आधार क्रमांक दिला म्हणजे खाते थेट लाभासाठी, म्हणजे शासनाचा पैसा थेट खात्यावर येण्यासाठी, जोडले गेले असे होत नाही. थेट लाभाचा पैसा तुमच्या आधारवर सर्वांत शेवटी ज्या बँकेचे सीडिंग (खात्याची आधारशी जोडणी) झाले असेल त्या बँकेत जातो, मग अर्जात तुम्ही कोणताही खाते क्रमांक लिहिलेला असो. गावाकडच्या मुलांचे बहुधा असे होते की शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी शून्य शिलकीचे एक खाते उघडलेले असते, सीडिंग त्याच खात्याला राहते, ते खाते व्यवहाराअभावी निष्क्रिय होते आणि रक्कम परत फिरते. आधारच्या संकेतस्थळावर स्वतःचा क्रमांक टाकून मोबाइलवर येणारा ओटीपी दिला की 'बँक सीडिंग' या सदरात बँकेचे नाव दिसते. तिथे जुन्याच बँकेचे नाव असेल तर सध्याच्या बँकेत सीडिंगचा अर्ज भरून द्या, त्याची पोच घ्या आणि महाविद्यालयातल्या लिपिकाला ती दाखवून अडकलेली रक्कम पुन्हा पाठवण्याची विनंती लेखी करा. तोंडी विनंतीची नोंद कुठेच राहत नाही.

दुसरी गोष्ट निर्वाह भत्त्याची. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळालेला नाही, त्यांच्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 2.5 लाख रुपये असून पुण्यासारख्या शहरात भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला 60,000 रुपये मिळतात. जिल्ह्यामागे 600 याप्रमाणे राज्यात 21,600 विद्यार्थ्यांना लाभ देण्याची ही योजना असल्याने निवड गुणवत्तेवर होते, आणि म्हणून मागच्या सत्रातले कमी गुण या सत्रात भरून काढणे हाही पैशाचाच प्रश्न आहे. तुम्ही त्या शहरातले रहिवासी नाही आणि भाड्याने राहता हे कागदावर सिद्ध करावे लागते. इथेच कॉट बेसिसवर राहणारी मुले अडतात, कारण घरमालक करार करून देत नाहीत. प्रवेशाच्या वेळीच भाडेकराराचे बोलून ठेवा. आधी शासकीय वसतिगृहासाठीही अर्ज करा. तिथे जागा मिळाली तर उत्तमच.

वडील अल्पभूधारक असल्याने डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचे नावही तुमच्या कानावर येईल. ती योजना खरी आहे, पण निर्वाहासाठीचे दोन भत्ते एकाच वेळी घेता येत नाहीत. दोन्हींकडे अर्ज करून दोन्ही अडकवून बसलेली मुले मी पाहिली आहेत.

केंद्र सरकारची बारावीच्या गुणांवरची शिष्यवृत्ती, म्हणजे बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमधल्या आणि 4.5 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना पदवीला वर्षाला 12,000 रुपये देणारी, तुमच्या हातून गेली आहे, कारण तिचा नवा अर्ज बारावीनंतरच्या पहिल्याच वर्षी करावा लागतो. हे वाचणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी मात्र तो आजच नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर करावा.

एक मदत छोटी आहे, पण तिच्याकडे दुर्लक्ष होते. दुष्काळ किंवा दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झालेल्या तालुक्यांतल्या विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफ असते. 2023 साली राज्याने अशा 40 तालुक्यांची यादी जाहीर केली होती आणि तिच्यात सांगोला होता. ज्या वर्षी तुमचा तालुका यादीत असेल, त्या वर्षी तलाठ्याचा रहिवासाचा दाखला घेऊन परीक्षा विभागात जा, शुल्क भरले असेल तर परतावा मागा.

आता बहिणीविषयी. तुमच्या घरात तिचा खर्च तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच कमी होऊ शकतो. 2024-25 पासून आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 100 टक्के मिळते. अट एवढीच की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच झालेला असावा. संस्था पातळीवरच्या किंवा व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला हा लाभ नाही, अभिमत आणि स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठांनाही नाही. म्हणून फेरीत विकल्प भरताना कुणी 'थोडे पैसे भरले तर मोठ्या नावाचे कॉलेज मिळेल' असे सांगितले तर त्या वाटेला जाऊ नका. विकास शुल्क, वसतिगृह आणि मेस यांचा खर्च मात्र घरालाच करायचा आहे.

तो खर्च निघावा यासाठी एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती आहे. मान्यताप्राप्त महाविद्यालयात पदवी किंवा पदविकेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना वर्षाला 50,000 रुपये मिळतात आणि एका कुटुंबातल्या दोन मुलींना ती घेता येते. शुल्कमाफीसोबत ती घेण्याविषयी महाविद्यालयाच्या नोडल अधिकाऱ्याला अर्जाआधीच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र चालू वर्षाचे आहे ना, हे आज रात्रीच कपाटातून काढून पाहा. दर 31 मार्चला मुदत संपणारे कागद जुलैमध्ये सापडले की तहसीलच्या रांगेत प्रवेशाची फेरी निघून जाते.

अनुसूचित जातीच्या मुलांसाठीही थोडे लिहितो, कारण हा प्रश्न तेही वाचतील. त्यांच्यासाठी 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे आणि पुण्यात तिचीही रक्कम वर्षाला 60,000 आहे. पण मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या शिक्षणाच्या) शिष्यवृत्तीतला केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो आणि त्यातली शुल्काची रक्कम महाविद्यालयाला भरायची असते. खात्यावर एकदम मोठी रक्कम दिसली म्हणून ती घरच्या अडचणीत खर्च झाली आणि वर्षअखेरीला मुलाचा दाखला अडकला, असे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिले आहे. त्या मुलांना कुणी आधी समजावून सांगितले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

उत्तर 2 – ग्रंथालयातली

वरच्या उत्तरात अर्जांचे सगळे आले आहे, म्हणून मी फक्त रोजच्या खर्चाचे आणि कामाचे लिहिते. मी बीड जिल्ह्यातून पुण्याला आले तेव्हा माझ्या वडिलांकडून येणारी रक्कम तुमच्यापेक्षाही कमी होती आणि ती दर महिन्याला येईलच असे नव्हते.

पहिली गोष्ट खोलीची, कारण तुमच्या खर्चात सर्वांत मोठा आकडा तिचा आहे आणि चहा सोडून किंवा रिचार्ज लहान करून तो हलत नाही. पुण्यात गावाकडच्या गरजू मुलांसाठी समाजाने चालवलेली वसतिगृहे आहेत. अच्युतराव आपटे यांनी 1955 साली सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती त्यांतली एक. मी तिच्या मुलींच्या वसतिगृहात राहिले. तिथे मुलाखत होते आणि घरची परिस्थिती विचारली जाते. ते विचारणे अपमानाचे नसते. राहणे आणि जेवण मिळून बाहेरच्या निम्म्या खर्चात होत असे आणि वसतिगृहातली कामे वाटून करावी लागत. पोळ्या लाटण्याची पाळी आली की पहाटे साडेपाचला उठावे लागे, पण त्या पाळीतच मला घरची आठवण सर्वांत कमी येत असे. दुसऱ्या वर्षाला जागा कमी असतात, तरी अर्ज करून ठेवा आणि प्रतीक्षा यादीत नाव असेल तर आठवड्याला एकदा जाऊन विचारत राहा. फोन करण्यापेक्षा समक्ष जाणे बरे.

दुसरी गोष्ट कामाची. केटरिंगचे 500 रुपये एका दिवसात मिळतात म्हणून ते बरे वाटते, पण रात्री दीडला परतून सकाळी सातचे प्रात्यक्षिक होत नाही, आणि तुम्ही स्वतःच लिहिले आहे की चार-पाच महिने ते काम नसतेच. तुमच्या महाविद्यालयात कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना असेल. विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळामार्फत ती संलग्न महाविद्यालयांतही चालते आणि तिच्यासाठी विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटायचे असते. ताशी दर मोठा नाही, दिवसाला काम तीन तासांपर्यंतच मिळते, पण ते तासिकांच्या वेळा सांभाळून मिळते आणि पावसाळ्यातही मिळते.

मी तीन वर्षे ग्रंथालयात होते. परत आलेली पुस्तके वर्गांकाप्रमाणे लावायची, फाटलेल्या पानांना पारदर्शक कागद लावायचा आणि शनिवारी एका कपाटाची मोजणी करायची, एवढेच काम. त्यातून हात लागलेली पुस्तके मी वाचत गेले. क्रमिक पुस्तके विकत घ्यावी लागली नाहीत, कारण कोणती जुनी प्रत कोणत्या फळीवर मागे पडली आहे हे मला ठाऊक असे. काम मागताना ग्रंथालय किंवा प्रयोगशाळा मागा. ऑगस्टनंतर गेलात तर बागकाम किंवा कार्यालयातले टपाल एवढेच शिल्लक असते. तेही वाईट नाही, फक्त अभ्यासाला तितके जवळ नाही.

काही मुलांना या कामाची लाज वाटते, म्हणून सांगते. याच पुण्यात एके काळी मुले माधुकरी मागून आणि सात घरी वार लावून, म्हणजे आठवड्याच्या एकेका दिवशी एकेका घरी जेवून, शिकली. पुढे साताऱ्याकडे कर्मवीरांनी, ज्यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' म्हणत मुलांच्या हाताला काम दिले. वार लावून जेवणाऱ्याच्या ताटातल्या दयेपासून हक्काच्या मजुरीपर्यंत आपल्या आधीची मुले चालत आली आहेत. तुम्ही मागाल ती त्याच वाटेवरची मजुरी आहे.

जेवणाचे म्हणाल तर मेस बंद करण्याची चूक पुन्हा करू नका. रविवारच्या संध्याकाळसाठी खोलीतल्या चौघांनी मिळून एक लहान कुकर घ्या आणि मुगाची खिचडी लावा. घरून येताना मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरीचे पीठ आणा. सांगोल्याहून बाजरी-ज्वारीचे पीठ आणणे अवघड नाही. नाश्त्याचा खर्च मी भिजवलेले हरभरे आणि गुळावर निम्म्याने कमी केला होता. बहुतेक मेस सुट्टीला घरी गेलात तर आधी सांगितल्यास खाडे धरतात, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करतात, पण ते मागावे लागतात. दिवाळीच्या दहा दिवसांचे खाडे म्हणजे हजार रुपये आहेत. बसचा पास विद्यार्थी सवलतीचा आहे ना तेही पाहा. गावी जाताना एसटीचे तिकीट एकदम काढू नका, जाण्याची तारीख खोलीतल्या तुमच्या तालुक्याच्या मुलाशी जुळवा, कारण सामान दोघांत वाटले की पीठ-धान्य जास्त आणता येते.

एक छोटी वही ठेवा. मी ठेवत असे. मोबाइलमध्ये लिहिले की पाहिले जात नाही. रोजचा खर्च नव्हे, फक्त महिन्याच्या एक तारखेला खोली, मेस आणि बस यांचे पैसे तीन पाकिटांत वेगळे केले की उरलेल्या रकमेत महिना बसतो की नाही ते दहा तारखेलाच कळते आणि वेळेवर कुणाला तरी सांगता येते. मी पहिल्या वर्षी कुणालाही सांगितले नाही. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंना कळले तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी विभागाच्या निधीतून माझ्या मेसचे दोन महिने भरले आणि 'हे आधी का बोलली नाहीस' एवढेच म्हणाल्या. बहुतेक महाविद्यालयांत असा एखादा विद्यार्थी साहाय्य निधी असतो आणि त्याची पाटी कुठेही लावलेली नसते. वर्गशिक्षकांना सांगा.

उत्तर 3 – कर्ज विभाग

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत कर्ज विभाग पाहतो. तुमच्या प्रश्नात कर्जाचा शब्द नाही, पण म्हैस विकण्याचा आहे, म्हणून लिहितो. म्हैस हे घरचे रोजचे उत्पन्न आहे. ते विकून एका सत्राचा खर्च भागेल आणि पुढच्या सत्रापासून घरात दुधाचा पैसाही नसेल.

बहिणीचा प्रवेश व्यावसायिक अभ्यासक्रमाला होत असल्याने शैक्षणिक कर्जाचा विचार तिच्या नावाने करा, तुमच्या नावाने नको. 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. कर्ज फक्त शुल्काचे असते हा समज चुकीचा आहे. वसतिगृह, मेस, पुस्तके आणि संगणक हे खर्च त्यात धरता येतात. तिचे शिक्षण शुल्क माफ होणार असेल तर चार वर्षांच्या राहण्या-जेवण्यापुरतेच छोटे कर्ज मागा आणि ते सत्रागणिक उचला. एकदम उचललेल्या पैशावर पहिल्या दिवसापासून व्याज चढते. परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते, आणि कुटुंबाचे उत्पन्न 4.5 लाखांपर्यंत असेल तर मान्यताप्राप्त संस्थेतल्या व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी त्या मधल्या काळातले व्याज केंद्र सरकार भरते. त्यासाठी अर्ज करतानाच व्याज अनुदानाचा उल्लेख करावा आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत जोडावा. नंतर जोडतो म्हटलेले दाखले बऱ्याचदा जोडले जात नाहीत, हे मी टेबलाच्या या बाजूने पाहतो.

वडिलांचे पीककर्ज असेल तर ते मुदतीत नवे-जुने करून, म्हणजे जुने फेडून नवे उचलून, घ्यायला सांगा. वेळेवर फेडलेल्या 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला आपल्या राज्यात शेतकऱ्याला व्याज पडत नाही, आणि ते थकले तर मुलीच्या अर्जाच्या वेळी सहकर्जदार म्हणून वडिलांच्या नावावर प्रश्न उभा राहतो. घरातले दोन वेगवेगळे कागद असे एकमेकांना येऊन भिडतात.

पाच मिनिटांत 5,000 देणाऱ्या मोबाइल ॲपकडे कोणत्याही परिस्थितीत जाऊ नका. आमच्या शाखेत आलेल्या एका मुलाने 4,000 घेतले होते. हातात 2,900 पडले, सातव्या दिवशी पूर्ण 4,000 मागितले गेले आणि आठव्या दिवशी त्याच्या संपर्क यादीतल्या मामांना, शिक्षकांना आणि वर्गातल्या मुलींना संदेश गेले. तो मुलगा पोलिसांकडे जाण्याऐवजी दुसऱ्या ॲपकडे गेला होता. भाद्रपदातल्या तुमच्यासारख्या मुलांनाच ही ॲप शोधत असतात.

प्रश्नकर्त्याचे पुन्हा लेखन – डाळिंबमळा (बारा दिवसांनी)

सर्वांचे मनापासून आभार. काय काय केले ते लिहितो, कारण माझ्यासारख्या आणखी कुणाला त्याचा उपयोग होईल.

आधारचे सीडिंग खरोखरच आठवीत उघडलेल्या खात्याला निघाले. ते पासबुक आईने देवघराच्या फडताळात ठेवले होते आणि त्यात शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची होती. पुण्यातल्या बँकेत सीडिंगचा अर्ज देऊन पोच घेतली, पाच दिवसांनी संकेतस्थळावर नव्या बँकेचे नाव दिसले, आणि मग महाविद्यालयात लेखी अर्ज देऊन त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. लिपिक साहेबांनी या वेळी 'वरून येईल' असे न म्हणता अर्ज क्रमांक तपासून रक्कम परत गेल्याची नोंद मला दाखवली.

विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटलो. ग्रंथालयात दोन जागा होत्या, त्यांतली एक मिळाली. दुपारी दोन ते पाच. समितीच्या वसतिगृहात अर्ज दिला आहे, प्रतीक्षा यादीत नाव आहे आणि सांगितल्याप्रमाणे समक्ष जाऊन विचारतो. घरमालकीणबाई भाडेकराराला आधी नको म्हणाल्या, कारण त्यांना कराचे काही निघेल अशी भीती होती. सावित्रीबाई फुले आधार योजनेच्या अर्जासाठीच तो लागतो हे सांगून अटींचा छापील कागद त्यांच्या मुलासमोर ठेवला तेव्हा त्यांनी सही दिली. नोंदणीचा खर्च आम्ही चौघांनी वाटून घेतला, कारण तो बाकीच्या तिघांनाही लागणार होता.

बहिणीला केंद्रीय फेरीत सोलापुरातल्या एका महाविद्यालयात संगणक शाखा मिळाली आहे. पुण्यातली जागा पुढच्या फेरीत मिळू शकेल, पण घरून सोलापूर जवळ आहे आणि वसतिगृह स्वस्त आहे, म्हणून तिने स्वतःच ती जागा निश्चित केली. नॉन-क्रिमिलेअर चालू वर्षाचे निघाले. वडिलांना शुल्कमाफीचा शासन निर्णय वाचून दाखवला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचायला लावला आणि 'परीक्षेचेही नाही ना भरायचे' एवढेच विचारले. म्हशीचा विषय पुन्हा निघालेला नाही.

एक शंका राहिली आहे. कमवा व शिका योजनेत मिळणारे मानधन आधार योजनेच्या अर्जात उत्पन्न म्हणून दाखवावे लागेल का? आणि मागच्या वर्षीची अडकलेली रक्कम याच वर्षी आली तर नव्या अर्जावर त्याचा परिणाम होईल का?

उत्तर – शिष्यवृत्ती टेबल (निवृत्त)

उत्पन्नाची मर्यादा पाहिली जाते ती तहसीलदारांच्या दाखल्यावरून, आणि तो दाखला वडिलांच्या उत्पन्नाचा असतो. कमवा व शिकाचे मानधन त्यात येत नाही. तरी मानधन ज्या खात्यावर येईल तेच सीडिंग झालेले खाते ठेवा, दोन खात्यांचा घोळ पुन्हा नको. मागच्या वर्षीची रक्कम मागच्या वर्षाच्या अर्ज क्रमांकावर जमा होते, त्यामुळे नव्या अर्जाला तिची अडचण येणार नाही. फक्त नव्या अर्जात मागील वर्षी लाभ मंजूर झाल्याचा रकाना रिकामा सोडू नका.

ग्रंथालयात दुपारी दोन ते पाच हे तास सत्राच्या वेळापत्रकात प्रात्यक्षिकाला आडवे येत नाहीत ना, तेवढे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाहून घ्या. काही योजनांत 75 टक्के उपस्थितीचा दाखला लागतो आणि तो देताना विभागप्रमुख प्रात्यक्षिकांची वही स्वतंत्र पाहतात. वेळ आडवी येत असेल तर ग्रंथपालांना आत्ताच सांगून सकाळची पाळी मागा.